चार्ज घेतल्याशिवाय सोडू नकोस

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मी विचारत नाही. "बाबा, तुम्ही फ्रायबुर्गपर्यंत सोडायला आलात तर मी गेलेच नाही असं होईल," हे तुझं वाक्य मला नीट ऐकू आलं. स्पीकर चालू होता, आईनंही ऐकलं. ती म्हणाली, "एकटी जाणार ती. आता विषय काढायचा नाही." नाही काढत. व्हिसासाठी जमवलेले माझे कागद कपाटात ठेवून दिले आहेत. हे पत्र तुला अडवायला नाही. एका जागेबद्दल तेवढं बोलायचं आहे, आणि फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो.

ती जागा म्हणजे जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा विमानतळ आणि तिथून तुला फ्रायबुर्गला नेणारी आगगाडी यांच्या मधली.

विमानाची मला तशी काळजी नाही. युरोपात २००६ सालचा ११०७ क्रमांकाचा नियम आहे. त्याप्रमाणे चालायला त्रास असणाऱ्यांना विमानतळावरची मदत खुद्द विमानतळानं द्यायची असते, तीही फुकट. आपण ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं, ती पुढे कळवते. गाडीची सोयही कागदावर चोख आहे. २०२१ चा ७८२ क्रमांकाचा नियम जून २०२३ पासून लागू झालाय. २४ तास आधी सांगून ठेवलं की स्थानकावर माणूस येतो आणि गाडीत चढवून देतो. दोन्ही नियम मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. विमानतळाच्या माणसाचं काम कुठं संपतं आणि रेल्वेच्या माणसाचं कुठं सुरू होतं, तेवढंच त्यात एका ओळीत कुठं सापडत नाही. मदत कुठून कुठवर द्यायची त्या जागा विमानतळानं ठरवून जाहीर करायच्या असतात, आणि त्यात रेल्वे स्थानक धरता येतं. धरलंय का, ते तू लेखी विचारून घे. "हो, मदत मिळेल" एवढ्या उत्तरावर थांबू नकोस. फर्नबानहोफच्या, म्हणजे तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्थानकाच्या, कुठल्या काउंटरपर्यंत, असं विचार.

फ्रँकफुर्ट विमानतळाला दोन स्थानकं आहेत, हे तुला माहीत असेलच, तरी लिहितो. टर्मिनल एकच्या खाली जुनं, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं. तिथं फलाट १ ते ३. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, १९९९ मध्ये झालेलं, तिथं ४ ते ७. टर्मिनल एकमधून त्याच्याकडं पुलावरून जावं लागतं. तुझी आयसीई, म्हणजे तिकडची वेगवान गाडी, या दुसऱ्या स्थानकातून आहे. कुणी घाईत "स्टेशन" एवढंच ऐकलं आणि तुला खाली नेऊन सोडलं, तर तिथून परत वर, पुन्हा लिफ्ट, पुन्हा पूल, आणि तोवर ढकलणारा माणूस निघून गेलेला. विमानतळाची खुर्ची त्याला परत न्यायची असते, तो थांबणार नाही. त्याचाही दोष नाही, त्याला पुढचं विमान असतं.

माझी सगळी नोकरी स्टेशन मास्तर म्हणून गेली, त्यामुळे मला हे असंच दिसतं. पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर दिल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नसू. फोनवर नुसतं "हो, सोडा" ऐकून भागायचं नाही. पलीकडचा मास्तर संमतीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर, म्हणजे एक गुप्त आकडा, द्यायचा, तो वहीत लिहायचा, मग पुढचं. ड्यूटी बदलतानाही तेच. चार्ज दिला, चार्ज घेतला, दोघांच्या सह्या. माणसाच्या बाबतीत मात्र अशी वही कुठं ठेवलेली मी पाहिली नाही. नोकरीतल्या एका स्टेशनावर ड्यूटीवर आलो तेव्हा फलाटाच्या टोकाला, छप्पर संपतं तिथं, एक आजोबा व्हीलचेअरमध्ये बसलेले दिसले. सकाळच्या गाडीनं उतरले होते. मदत लागणार असल्याचा निरोप आदल्या स्टेशनवरून आला होता, कुणीतरी तो ऐकलाही होता, एकानं त्यांना खाली उतरवून घेतलंही होतं. "पलीकडच्या फलाटावर नेणारा येतोय" असं सांगून तो गेला. नेणारा कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना बॅरो पाथवरून, म्हणजे रूळ ओलांडायच्या वाटेनं, पलीकडं नेईपर्यंत त्यांची गाडी गेली होती. ते चिडले नाहीत. मला "नमस्कार साहेब" म्हणाले. पाणी हवं का विचारलं तर म्हणाले, लघवीला जावं लागेल म्हणून सकाळपासून प्यायलो नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. घाबरवायला सांगत नाही. विमानतळाचा माणूस आणि रेल्वेचा माणूस एकमेकांसमोर उभे राहिल्याशिवाय पहिल्याला जाऊ देऊ नकोस, एवढ्यासाठी सांगितलं. "तो येईलच" म्हणाला तर म्हण, "मग आपण दोघं मिळून वाट बघू." तुला हे असं बोलता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आता विमान कंपनीच्या मदतीच्या कोडचं. फॉर्मवर तू डब्ल्यूसीएचआर लिहिलंस. त्याचा अर्थ जिने चढता येतात, फक्त लांब चालवत नाही. तुला जिने चढता येतात, कोण नाही म्हणतंय? पण साडेआठ-नऊ तास एका जागी बसल्यावर तुझे पाय कसे ताठतात ते मी पाहिलंय. विमान टर्मिनलच्या पुलाला न लागता लांब मैदानात उभं राहिलं आणि शिडी लावली, तर त्या कोडवर तुला उचलणारी गाडी येईलच असं नाही. डब्ल्यूसीएचएस लिही. त्यात जिने जमत नाहीत असं धरतात, आसनापर्यंत तू चालत जातेस ते त्यातही बसतं. ते लिहिल्यानं तुझं काही कमी होत नाही. कागदावर जास्त मागून ठेवावं, हातात आल्यावर नको म्हणता येतं. उलटं करायला गेलीस तर रात्री तिथं कोण

बघ, सुरू झालो. माफ कर. कोड तुझा, पाय तुझे.

आठवीत तुमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला तेव्हा मी शाळेत भांडायला निघालो होतो आणि तू मला फाटकातच अडवलंस. वर्ग खाली आणला तर सगळे म्हणतील रेवामुळे आणला, म्हणून. मग वर्षभर तू त्या जिन्याच्या गजाला धरून चढलीस. मी कोपऱ्यावरच्या झाडाखाली स्कूटर लावून शाळेची घंटा होईपर्यंत थांबायचो, हे तुला ठाऊक नसेल. पायांना आधार देणारे कॅलिपर काढले त्या वर्षीची गोष्ट ही. डॉक्टरांनी पुन्हा स्नायू सोडवायचं ऑपरेशन सुचवलं होतं आणि तू, एवढीशी पोर, त्यांना विचारलंस की यानं काय वाढेल आणि काय जाईल. त्यांनी खुर्ची पुढं ओढून तुला कागदावर चित्र काढून समजावलं. माझ्याशी ते तसं कधी बोलले नव्हते. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, आणि घरी येऊन मी तुला ओरडलो होतो, कशावरून ते आता आठवत नाही.

एक कात्रण अजून माझ्या डायरीत आहे. जीजा घोष यांचं. २०१२ मध्ये कोलकात्याहून परिषदेला निघालेल्या त्या बाईंना विमानातून खाली उतरवलं होतं. त्यांनाही सेरेब्रल पाल्सी. तू पाचवीत होतीस. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, १० लाखांची भरपाई द्यायला लावली. लोक निकाल लक्षात ठेवतात. माझ्या मनात मधली चार वर्षं राहिली. हक्क असणं आणि त्या क्षणी शेजारी माणूस असणं, यांत चार वर्षं जाऊ शकतात. म्हणून मी तुला नियमांचे क्रमांक कमी आणि माणसाला धरून ठेवायचं जास्त सांगतोय.

गाडीकडं येतो. थेट फ्रायबुर्गची आयसीईच घे, मानहाइमला बदलायची नको. गाडी बदलली की आणखी एक चार्ज द्यायचा-घ्यायचा आला. विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत तीन तास तरी ठेव. तुला विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरवतील, मग पासपोर्ट, मग सामान. तुझी खुर्ची विमानाच्या दाराशी मिळते की सामानाच्या पट्ट्यावर, हेही आत्ताच लिहून घे. दाराशी मिळाली तर फार बरं, कारण मग कुणी निघून गेला तरी खुर्ची तुझी, चाकं तुझ्या हातात. त्याच जागी, माणसं समोर असतानाच, तिची चाकं आणि पायटेकू तपास. मोडली असेल तर विमान कंपनीकडं सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. विमान प्रवासाच्या माँट्रियल करारात खुर्चीही सामानातच धरतात आणि भरपाईला मर्यादा आहे, तेव्हा चेक-इनच्या वेळी तिची किंमत वेगळी जाहीर करता येते का ते विचार. निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढ.

जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत, तरीही हा आकडा. म्हणजे तुझी गाडी उशिरा येणं काही नवल नाही. कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढशील तर तिकिटाचा प्रश्न सुटेल. पण मदतीचा माणूस, खुर्ची गाडीत चढवणारी लिफ्ट आणि डब्यातली खुर्चीची जागा त्या एका गाडीसाठी बांधलेली असते. तिकीट दुसऱ्या गाडीवर चालतं, लिफ्ट आपोआप मागून येत नाही. गाडी बदलावी लागली तर आधी रेल्वेच्या काउंटरवर जाऊन मदत नव्यानं लावून घे, मग फलाटाकडं निघ. तिथले फलाट ५५ किंवा ७६ सेंटिमीटर उंचीचे, आणि बऱ्याच आयसीईंच्या दारात आत पायऱ्या. काही नव्या गाड्यांत दारातच लिफ्ट आहे, बाकीच्यांना फलाटावरून लिफ्ट ढकलत आणावी लागते. फलाटावर ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात. कधी गाडी उलट्या क्रमानं येते आणि ए भागात येणारा डबा दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो. लिफ्ट एका टोकाला आणि तू दुसऱ्या, असं होऊ नये म्हणून रेल्वेचा माणूस तुझ्या शेजारीच असला पाहिजे. फ्रायबुर्गलाही उतरवून घ्यायला सांगितलंय ना, ते तिकीट तपासणीसाला गाडीत बसल्याबरोबर विचार.

पुन्हा तेच लिहिलं ना मी? माणूस शेजारी असला पाहिजे. काय करू, सगळे रस्ते तिथंच येतात. तू म्हणशील बाबा, तिथं मला विचारायला जीभ आहे. आहेच. मी तिथं असतो तर तुझ्या आधी बोललो असतो आणि तू गप्प बसली असतीस, हे मला कळतं. आईनंही काल रात्री हेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत.

एक मात्र हवं. विमानतळाचं आणि रेल्वेचं, दोन्हींचं मदतीचं पक्कं झाल्याचं पत्र आलं की मला पाठव. मला त्यातलं काही बदलायचं नाही, नुसतं ठेवायचंय. त्या दिवशी फोन करू नकोस, सामान सांभाळ. दुसऱ्या माणसानं चार्ज घेतला की दोन अक्षरी निरोप पुरे, आणि तो आला नाही म्हणून मी फोन करणार नाही. आईनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

कुबड्यांच्या टोकांना नवे रबरी बूट आणून ठेवलेत, आणखी एक जोडी वेगळी दिली आहे, ती मोठ्या बॅगेत टाक. नानीची शाल नेणार की नाही ते आईला कळव, ती रोज एकदा बाहेर काढते आणि घडी घालते. एकच बॅग ने, बाकीचं मागाहून पाठवू. आणि गाडीतली खुर्चीची जागा शुक्रवारच्या आत राखून घे, त्या जागा प्रत्येक गाडीत मोजक्याच असतात.

तुझा
बाबा