दारी झुलणारा हत्ती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘दारी हत्ती झुलणं’ हे आपल्याकडे वैभवाचं लक्षण. लहानपणी आमच्या गल्लीत माहूत हत्ती घेऊन यायचा. सोंडेत नाणं ठेवलं की सोंड डोक्यावर टेकायची. तिच्या टोकाचा ओला, गरम श्वास अजून आठवतो. उभ्या जागी तो सारखा झुलायचा, या पायावरून त्या पायावर. आम्हाला वाटायचं, स्वारी मजेत आहे. साखळीला बांधलेला हत्ती असा तासन्‌तास झुलतो तो कोंडमाऱ्यानं, हे कळेपर्यंत माझी पन्नाशी उलटली.

शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीवरून २०२५मध्ये कोल्हापुरात रान पेटलं, ते ती मठाची की वनताराची (जामनगरचं खासगी प्राणी केंद्र) यावर. गावाचे अश्रू खोटे नव्हते. (तरी हे वाचून आमचे शिरोळचे पाहुणे रागावणारच.) पण धार्मिक कार्यात हत्ती वापरण्याच्या माणसांच्या हक्कापेक्षा हत्तिणीचा नीट जगण्याचा हक्क मोठा, असं मुंबई उच्च न्यायालय म्हणालं होतं, त्यावर चर्चा झालीच नाही.

आता कायद्याची गंमत पाहा. देवळातली मूर्ती आपल्या कायद्यानं ‘व्यक्ती’. तिच्या नावावर जमीन असते, वादमित्रामार्फत, म्हणजे तिच्या वतीनं कोर्टात उभं राहणाऱ्या माणसामार्फत, ती दावाही लावते. तिच्याच दारात बांधलेला हत्ती मात्र कुणाच्या तरी मालकीचा. १९७२च्या वन्यजीव कायद्यात वाघ आणि हत्ती दोघंही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत. पण वाघ दारात बांधला तर तुरुंग, हत्तीसाठी मालकीचा दाखला! २०२२च्या दुरुस्तीनं तर ‘धार्मिक किंवा अन्य कारणासाठी’ हत्ती इकडून तिकडे द्यायची वाट मोकळी केली. त्या ‘अन्य’मध्ये काय काय बसेल, देव जाणे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या ‘हॅपी’साठी वकिलांनी थेट हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा डांबलेल्या माणसाच्या सुटकेसाठी करतात तसा, अर्ज केला होता. डोळ्यावर काढलेली पांढरी फुली आरशात पाहून सोंडेनं चाचपणारी ही हत्तीण. २०२२मध्ये ती हरली, पण सातांपैकी दोन न्यायमूर्ती तिच्या बाजूनं उभे राहिले.

माझी मागणी साधी आहे. मूर्तीला मिळतो तसा वादमित्र प्रत्येक बंदिस्त हत्तीला मिळावा. मठाचा नाही, वनताराचा नाही, वनखात्याचाही नाही. २०१४मध्ये जोतिबाच्या देवळाचा सुंदर हत्ती बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला, तेव्हा आणि महादेवीच्या वेळीही पाठपुरावा ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेनं केला, आणि ‘हे कोण लागून गेले?’ म्हणून आपण त्यांच्यावरच चिडलो. बरं, मग हत्तीच्या वतीनं बोलायचं कुणी?

— एक वाचक, इचलकरंजी