टकरीचा धडा शिकवणाऱ्या सरांना आभारपत्र

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

निवृत्तीनंतरही आपण डिचोलीला येऊन आमच्या अकरावीच्या मुलांना टकरीचा धडा समजावून सांगितलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टकरीत संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, अक्षय्य राहतो हे मुलांना पाठ होते आणि समीकरणात किमती घालून उत्तर काढणेही जमत होते. परंतु कॅरमची एक सोंगटी दुसऱ्या स्थिर सोंगटीवर समोरासमोर आदळली की पहिली जवळजवळ जागीच थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन निघते, हे असे का, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आपण मुलांना मनाने पणजी-बेती फेरीबोटीवर नेलेत. बोटीवर दोन सारख्या सोंगट्या सारख्याच वेगाने एकमेकींवर आदळल्या आणि गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, जराही खर्ची पडली नाही, तर त्या तितक्याच वेगाने मागे फिरणार, हे सर्वांनी लगेच मान्य केले. मग बोटही नेमकी तेवढ्याच वेगाने चालली असेल, तर धक्क्यावरच्या माणसाला काय दिसेल, असे आपण विचारलेत. त्याला एक सोंगटी स्थिर आणि दुसरी दुप्पट वेगाने येताना दिसते, तर टकरीनंतर नेमके उलटे दिसते, हे मुलांनीच सांगितले.

ही युक्ती सतराव्या शतकातील क्रिस्तियान हायगेन्स यांची आहे आणि त्यांचा टकरीवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1703 साली प्रसिद्ध झाला, हेही आपण आवर्जून सांगितलेत. श्रेय ज्याचे त्याला देण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते.

सोंगट्या एकमेकींना चिकटल्या तर काय, हा प्रश्नही त्याच बोटीवर सुटला. बोटीवर दोन्ही थांबतात, धक्क्यावरून त्या बोटीच्याच वेगाने एकत्र जाताना दिसतात; संवेग तेवढाच राहतो, गतिज ऊर्जा मात्र निम्मी उरते आणि उरलेली उष्णता, आवाज व आकारबदल यांत जाते.

आपण गेल्यानंतर एका विद्यार्थिनीने 15 ग्रॅमचा स्ट्रायकर आणि 5 ग्रॅमची स्थिर सोंगटी घेतली. बोटीचा वेग स्ट्रायकरच्या पाऊणपट ठेवला की बोटीवरून दोघांचे संवेग समान व विरुद्ध दिसतात, हे तिने स्वतः शोधले आणि गतिज ऊर्जा जराही खर्ची न पडणाऱ्या आदर्श टकरीनंतर स्ट्रायकरचा वेग निम्मा, तर सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपट होतो, हे सूत्र न वापरता काढून दाखवले. तिची वही आपल्याला पाहण्यासाठी सोबत पाठवीत आहे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, डिचोली