गोल नाकाचं नोहाब

ओडेन्से, डेन्मार्क

प्रिय अनंता,

स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्याकडच्या त्या दोन्हीकडे तोंड असलेल्या इंजिनात मशीन कुणाचं रे?" आणि मी काही बोलायच्या आत फोन कटला. बरंच झालं म्हणायचं. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला हे फोनवर उरकून सांगण्यात मजा नाही.

मशीन जीएमचं, म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचं. तुमच्या मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात जे ७१० मशीन आहे ना, त्याचा आजोबा, ५६७. बाकीचा सांगाडा, बोग्या (खालचे चाकांचे गाडे), पत्राकाम स्वीडनमधल्या ट्रोलहेटानचं. तिथल्या नीडक्विस्ट आणि होल्म या कारखान्याचं आद्याक्षरांवरून पडलेलं नाव नोहाब. १८४७ चा जुना कारखाना. क्रांतीनंतरच्या रशियाने त्याला एका दमात हजार वाफेच्या इंजिनांची ऑर्डर दिली होती; प्रत्यक्षात पाचशे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर वाफेचे दिवस भरले, तेव्हा या मंडळींनी स्वतःचं डिझेल इंजिन बनवण्याचा हट्ट धरला नाही. थेट जीएमकडून परवाना घेतला. मला विचारशील तर सगळ्या गोष्टीतला शहाणपणाचा निर्णय हाच.

नाकही अमेरिकन. तिथल्या एफ मालिकेच्या इंजिनांना असं गोल नाक एकाच बाजूला असायचं. अशी दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडली की झालं. युरोपात एकच इंजिन गाडी घेऊन जायचं आणि तेच उलटं परत यायचं, त्यामुळे नाकं दोन हवीत. ऑस्ट्रेलियात क्लाइड कंपनीने १९५२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यासाठी असं दुतोंडी इंजिन काढलं होतं. नोहाबचं त्याच घराण्यातलं. समोरून पाहिलंस तर रुसून गाल फुगवून बसलेल्या मावशीची आठवण होईल. इथे सगळे या चेहऱ्यावर फिदा. टोप्यांवर, कपांवर, खेळण्यांत, जिथे बघावं तिथे तेच तोंड. मला मात्र वाटतं, कौतुक चुकीच्या जागी होतंय. ते का, हे तुला लगेच पटेल.

डॅनिश रेल्वेने १९५४ ते १९६५ या काळात अशी ५९ इंजिनं घेतली. त्यांचा वर्ग एमवाय. पहिल्या चारांची ताकद १५०० अश्वशक्ती, मग १७०० आणि शेवटच्या खेपेला १९५०. धुरे (चाकांचे आस) सहा, पण प्रत्येक बोगीतला मधला नुसता वजन वाटून घ्यायला, मोटर चारांनाच. शाखा मार्गांसाठी एमएक्स नावाचं धाकटं भावंडही आलं, ४५ नग, बारा सिलिंडरचं. ग्रेट बेल्ट या इथल्या सामुद्रधुनीवर तेव्हा पूल नव्हता. गाडीचे डबे नायबोर्गला बोटीत चढायचे आणि कोर्सोरला उतरायचे. पलीकडच्या काठावर दुसरं इंजिन वाट पाहत उभं असायचं. रेल्वेचा पूल-बोगदा सुरू झाला थेट १९९७ मध्ये. पहिलं एमवाय, ११०१ नंबरचं, अजून जपून ठेवलेलं आहे.

इथल्या हौशी मंडळींनी सांभाळलेल्या एका एमवायच्या आत मी जाऊन आलो. मधोमध सोळा सिलिंडरचं व्ही मशीन, दोन्ही बाजूंना जेमतेम माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि डिझेल-ऑइलचा तो वास. तू तिथे असतास तर डोळे मिटून सांगितलं असतंस, शेड आली म्हणून. चालू करण्याआधी एकाने प्रत्येक सिलिंडरचा टेस्ट कॉक, म्हणजे तपासणीची छोटी तोटी, पान्याने उघडला, मशीन हळूच फिरवून घेतलं, कुठून पाण्याची फुसकारी येते का ते पाहिलं, मग सगळे कॉक पुन्हा आवळले. स्टार्टर मोटर वेगळी नाहीच. चाकांच्या मोटरींना वीज पुरवणारा मेन जनरेटरच बॅटरीवर मोटर होऊन मशीन फिरवतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे आवाज तुझ्या लाडक्या अल्कोसारखा, त्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या मशीनसारखा, धापा टाकत येत नाही. हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरच्या घोंगावण्यावर एकसुरी चढत जातो. तू नाक मुरडशील, ते मी गृहीत धरलंय.

आता मुद्द्याचं. एका सिलिंडरचं आकारमान ५६७ घन इंच, म्हणून ते नाव. हेड, लायनर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड ही सगळी पॉवर असेंब्ली एका गठ्ठ्याने वर उचलायची, तयार असलेली दुसरी आत सोडायची, आणि मशीन पुन्हा लाइनवर. मजा पुढेच आहे. नंतर ६४५ आलं, तेव्हा त्याची मोठ्या व्यासाची असेंब्ली जुन्या ५६७-सी ब्लॉकमध्येही बसत होती. म्हणजे पन्नासच्या दशकातल्या इंजिनाला पुढच्या पिढीचे सुटे भाग चालत राहिले. ही इंजिनं चाळीस-पन्नास वर्षं धावली ती यामुळे. नाकाचा त्यात काय संबंध?

नॉर्वेचंच बघ. तिथे याला डीआय ३ म्हणत. चढाव जास्त, म्हणून बहुतेकांना सहाही धुऱ्यांवर मोटर. ट्रोनहेमहून बोडोला जाणारा ७२९ किलोमीटरचा मार्ग वाटेत आर्क्टिक वृत्त ओलांडतो, तिथे बर्फात यांनी वर्षानुवर्षं गाड्या ओढल्या. नव्वदच्या दशकात यांच्या जागी जर्मनीहून डीआय ६ ही १२ नवीकोरी इंजिनं आणली. ती तिथल्या हिवाळ्यात इतकी रखडली की अखेर बनवणाऱ्याला परत केली, आणि म्हाताऱ्या डीआय ३ ला पुन्हा कामाला जुंपावं लागलं. निवृत्तीनंतरही काही इंजिनं युद्धानंतरच्या कोसोवोत जाऊन राबली.

हंगेरीची गोष्ट वेगळीच, राजकारणाची. पोलादी पडद्याआड असूनही त्यांनी १९६३-६४ मध्ये २० इंजिनं घेतली, एम ६१. हंगेरियन मंडळींना आणखी हवी होती. पण समाजवादी गोटात मोठी डिझेल इंजिनं सोव्हिएत संघाने पुरवायची असं ठरलेलं. मग लुहान्स्कची एम ६२ गळ्यात पडली. त्यात डबे गरम करायला बॉयलरसुद्धा नव्हता! प्रवाशांनी थंडीत काय कुडकुडायचं? त्यामुळे ही वीस इंजिनं बालाटोन तलावाच्या गाड्यांवर लोक डोक्यावर घेत राहिले. बेल्जियम आणि लक्झेंबर्गनेही असली इंजिनं चालवली, पण ती बेल्जियममध्येच बांधलेली.

आपल्याकडेही हे ५६७ येऊन गेलंय, ते तुला माहीत असणारच. १९६२ ची डब्ल्यूडीएम-४, ७२ नग, टर्बो लावलेलं २६०० अश्वशक्तीचं, मुगलसरायला. पण तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली, म्हणून वाराणसीच्या रेल्वे इंजिन कारखान्यात अल्को रुजलं आणि तुझी सगळी उमेद डब्ल्यूडीएम-२ मध्ये गेली. जीएमचं मशीन वाराणसीत बनू लागायला पुढे जवळपास चाळीस वर्षं गेली. तेव्हा करार उलटा झाला असता तर तुम्ही शेडमध्ये किती वेगळ्या शिव्या शिकला असता, असा विचार मी आतासुद्धा करतो.

आणि गंमत म्हणजे ज्या स्वीडनमध्ये ही गोल नाकं बनली, तिथल्या सरकारी रेल्वेने ती घेतलीच नाहीत. धबधब्यांची वीज हाताशी, मुख्य मार्ग आधीच विजेवर. उरलेल्या कामाला त्यांनी नोहाबचीच साधी, चौकोनी टी ४३ घेतली. पुढे डॅनिश रेल्वेने एमवाय विकायला काढली, तेव्हा ती स्वीडनच्या खाजगी मालगाडीवाल्यांनी उचलली आणि टीएमवाय या नावाने जन्मगावाच्या आसपास पळवली.

फोटो वेगळे पाठवतोय. टेस्ट कॉकचे मुद्दाम जवळून काढलेत. एक शंका आहे, उत्तर नक्की दे. ७१० ची पॉवर असेंब्ली बदलायला तुमच्याकडे एका शिफ्टमध्ये किती माणसं लागायची? इथले म्हणतात दोघं पुरतात, मला काही खरं वाटत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक