जंगलाबद्दल गावाला आधी विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

झुडपी जंगलाबद्दल, म्हणजे खुरट्या झुडपांच्या जमिनीबद्दल, सुप्रीम कोर्टाचा 22 मे 2025 चा निकाल आला तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. पूर्व विदर्भातली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन, आणि ती जंगल आहे की नाही हेच इतकी वर्षं ठरत नव्हतं. रेकॉर्डला नोंद 'झुडपी जंगल', जागेवर जाऊन बघाल तर कुठे घरं, कुठे शेती, कुठे शाळा, कुठे स्मशानभूमी. महसूलवाले म्हणणार जमीन आमची, वनखातं म्हणणार जंगल आमचं, आणि ज्याचं घर तिथे आहे त्याने दोन्हीकडे चकरा मारायच्या. आता कोर्टाने ती वनजमीनच ठरवलीय, 12 डिसेंबर 1996 च्या आधी ज्यांना वाटप झालं त्यांच्यासाठी वाट ठेवलीय पण तीही राज्याने केंद्राची मंजुरी आणल्यावरच.

याचं मूळ जुनं आहे. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने जंगल समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं झालं, जमीन मात्र राज्याकडेच राहिली. पण जंगल उभं असतं ते जमिनीवरच ना! मग 1980 चा वन संवर्धन कायदा आला आणि केंद्राला विचारल्याशिवाय राज्याला वनजमीन दुसऱ्या कामाला देता येईना. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही, राज्यावर उद्योगांचं प्रेशर असतं, वर कुणीतरी हात धरणारा पाहिजेच. माझं म्हणणं गावाबद्दल आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिला. अंगणवाडी, शाळा, तळं असलं काही वनजमिनीवर करायचं, जागा 1 हेक्टरच्या आत, झाडं हेक्टरी 75 च्या वर तुटत नाहीत, तरी ग्रामसभेची शिफारस लागतेच. बरोबर आहे. मग खाणीसाठी उलटं का? केंद्राच्या 2009 च्या परिपत्रकात प्रस्तावासोबतच ग्रामसभेची संमती मागितली होती, वन संवर्धनाच्या 2022 च्या नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि वनहक्काचं राज्याने नंतर बघायचं असं करून टाकलं. अहो, दिल्लीहून मंजुरी आल्यावर गावात येऊन कोण मोकळ्या मनाने विचारणार, आणि गाव नाही म्हणालं तर ते ऐकणार कोण? ओडिशात नियमगिरी डोंगराच्या बाबतीत 2013 मध्ये कोर्टाने ग्रामसभांना निर्णय घ्यायला लावला, 12 च्या 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं आणि खाण थांबली. कारण तिथे अजून उशीर झाला नव्हता.

गावाला कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघावं. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, पण स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला वाहतूक पास लागायचा आणि त्या पासांचं पुस्तक, पासबुक, वनखात्याच्या हातात होतं. वनखातं म्हणे बांबू हे झाड आहे, कायद्यात तर सरळ लिहिलंय की ते गौण वनोपज आहे, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ते पासबुक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. एवढ्याशा पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, हे मला आजही अस्वस्थ करतं.

म्हणून सरकारला विनंती आहे की वनजमीन मागणाऱ्या प्रत्येक फाइलीत पहिला कागद ग्रामसभेच्या ठरावाचा असावा, कोरम पूर्ण असलेल्या सभेचा, ज्यात बायकाही बसल्यात अशा सभेचा. आणि झुडपीच्या ज्या याद्या आता केंद्राकडे जातील त्या आधी त्या त्या गावात मोठ्याने वाचून दाखवा, कुणाचं नाव राहिलं, कुणाचं खोटं घुसलं ते तिथेच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक