ओल्या कड्याला सुट्टी

ड्रेस्डेन,
रविवार, 19 ऑक्टोबर 2025

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. "शनिवार-रविवारी काय करतोस रे तिकडे?" एवढंच विचारलं होतंस आणि मी नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो. उत्तर अंगठ्यात मावणारं नव्हतं, म्हणून आज पत्र. दुकानं बंद, बाहेर भुरभुर पाऊस, कुकरमध्ये मुगाची खिचडी. (पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या खोलीतला पोरगा चपला न घालताच जिन्यापर्यंत पळाला होता. आता तो वाडगा घेऊन येतो.)

आधी पैशांचं सांगतो, कारण तू तेच विचारणार. विद्यापीठाच्या फीमध्येच इथे प्रवासाचा पास येतो. महिन्याला 34 युरो 80 सेंट पडतात, म्हणजे आपले साडेतीन हजारांच्या आसपास. तेवढ्यात अख्ख्या जर्मनीतल्या लोकल, पॅसेंजर, ट्राम, सिटी बस. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या तेवढ्या चालत नाहीत. पहिलं सत्र मी हा पास वसूल करण्यात घालवलं. भल्या पहाटे निघायचं, गाड्या बदलत बर्लिन गाठायचं, भिंतीचा एक तुकडा बघायचा, एक केबाब खायचा आणि मध्यरात्री खोलीवर यायचं. बघितलं काय म्हणशील तर खिडकीतून शेतं. चार-पाच वेळा असं झाल्यावर शहाणपण आलं आणि आम्ही एकच गाडी धरली. एस-1. ती एल्बे नदीच्या काठाकाठाने चेक सीमेपर्यंत जाते, आणि पाऊण तासात डोंगर दिसायला लागतात.

'आम्ही' म्हणजे कोण ते ऐक. लंबू हा इथलाच, शेजारच्या पिर्ना गावचा, सहा फूट चार इंच, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो. कोलंब्या अर्थातच कोलंबियाचा, तो उरलेली सगळी वाक्यं बोलतो. जॉर्जियातल्या तिबिलिसीची एक मुलगी आहे, तिचं नाव मला वर्षभरात एकदाही नीट उच्चारता आलेलं नाही, त्यामुळे ती राणीसरकार. आणि इचलकरंजीची एक पोरगी. तिच्यामुळे माझी जर्मन सुधारली नाही, पण "काय सांगालायस!" मात्र पक्कं झालं.

डोंगर म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर सह्याद्री येईल. तो विसर. आपला काळा बेसॉल्ट लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा वालुकाश्म त्याहूनही म्हातारा, नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू. रंग भाजलेल्या पावासारखा, आणि सुळकेही असे की कुणीतरी पाव उभे कापून ठेवलेत. चढाईचे म्हणून मोजलेले सुळकेच अकराशेहून जास्त आहेत. ड्रेस्डेनमधले जुने राजवाडे, चर्च सगळे याच दगडाचे.

पहिल्यांदा सगळे जातात तिथेच आम्हीही गेलो, बास्टायला. सुळक्यांच्या मधून 1851 मध्ये बांधलेला दगडी पूल आहे, खाली जवळजवळ दोनशे मीटरवर नदी. सुंदरच आहे, पण गर्दी सिंहगडावरच्या रविवारसारखी, फक्त पिठलं-भाकरी नाही. मला त्याहून आवडली तिथल्या राटन गावची नाव. तिला इंजिन नाही. वरच्या अंगाला नदीत नांगरलेल्या लांब दोराला ती बांधलेली, नावाडी तिला जरा तिरकी करतो आणि प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. मी तीनदा इकडून तिकडे केलं. इचलकरंजीची म्हणाली, पंचगंगेत हे कुणाला का सुचलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारचं. लंबू सुळके चढतो. इथल्या चढाईचे नियम ऐकून मी चाट पडलो. 1913 पासून लिहून ठेवलेत. फटीत लोखंडी काही अडकवायचं नाही, दोराच्या गाठी ठोसून आधार करायचा. हाताला पांढरी पावडर लावायची नाही. मोजक्या ठिकाणी ठोकलेल्या कड्या असतात, त्या एकमेकींपासून इतक्या लांब की बघूनच पोटात गोळा येतो. आणि सुळक्यावर पोचलं की वर एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं.

शिवाय या लोकांचा एक जुना नाद आहे. कड्याच्या पोटातल्या कपारीत रात्र काढायची. त्याला इथे 'बूफेन' म्हणतात. राष्ट्रीय उद्यानात ते ठराविक कपारींतच चालतं, तेही चढाईसाठी आलेल्यांनाच, आणि 1 फेब्रुवारी ते 15 जून पूर्ण बंद, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ. जाळ अजिबात करायचा नाही. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेशेजारी आपण केलेला चहा आठवला आणि मी गप्प बसलो.

बाड शांडाऊहून 1898 सालापासून एक छोटी पिवळी ट्राम जंगलात जाते. तिच्या शेवटच्या थांब्यावरून वर चढलो तर 'कूश्टाल'. शब्दशः गोठा! केवढी तरी मोठी नैसर्गिक कमान. लढाईच्या धामधुमीत गावकरी तिथे गुरं लपवायचे म्हणे. तिथून एका चिंचोळ्या भेगेतून वर जाणारी लोखंडी शिडी आहे, नाव 'स्वर्गाची शिडी'. कोलंब्या त्यात सॅकसकट अडकला. खालून मी ढकलतोय, वरून राणीसरकार ओढतायत आणि मागे पाच जर्मन आजी-आजोबा शांतपणे रांगेत उभे. वरून दिसलं ते मात्र चटका लावणारं. डोंगरच्या डोंगर करड्या, वाळलेल्या झाडांचे. स्प्रूसची झाडं, सालीतल्या भुंगेऱ्यांनी मारलेली. 2022 मध्ये इथे मोठा वणवाही लागला होता.

कपारीत पोचलो तेव्हा अंधार पडत होता. जाळ नाही म्हणून जेवण गार. मी केले होते मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. राणीसरकारांनी काढली चुर्चखेला, म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या दाट रसात बुडवून वाळवलेले, दिसायला मेणबत्ती, खायला बहार. आणि कोलंब्याने सॅकमधून काढला चक्क गूळ! पानेला म्हणतात, पण गूळच रे, ढेपेचा वास सुद्धा तोच. त्यांच्याकडे पाण्यात विरघळवून पितात. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात म्हटल्यावर त्याला भरून आलं. मग त्याची आणि इचलकरंजीची जुंपली, गूळ कुणाचा चांगला यावर. तासभर. लंबूने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, पानेलाचा खडा चघळला आणि त्या दिवसाचं एकोणिसावं वाक्य वापरलं, "साखरच आहे."

रात्री दोनला पाऊस आला. कपारीत थेंब नाही, पण समोर पाण्याचा पडदा. सकाळी उघडलं. दरीत धुकं भरलेलं आणि वर नुसते सुळके तरंगणारे. त्या दिवशी लंबू आम्हाला एका सोप्या सुळक्यावर नेणार होता, माझा पहिलाच. त्या वहीत देवनागरीत नाव लिहायचं मी आठवडाभर ठरवत होतो.

लंबू कड्यापाशी गेला, तळहात टेकवला, बोटांनी जरा खरवडलं आणि दोर परत सॅकमध्ये भरायला लागला. ओला वालुकाश्म कच्चा होतो, पकड हातात सुटून येते, आणि एकदा तुटली की पुढच्या सगळ्यांसाठी गेली. वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असतं. मग त्याला राहू द्यायचं. जणू कड्याला सुट्टी.

मी म्हणालो, "वाळलाय की! एवढा लांब आलोय." तो भरतच राहिला. मग मी हसत विचारलं, "घाबरलास काय?"

तो म्हणाला, "हो."

बस. त्यात राग नाही, लाज नाही. पाऊस पडला का, हो. घाबरलास का, हो. आणि कुणी हसलंसुद्धा नाही. इचलकरंजीची तर शांतपणे चटणीचा डबा पुसत बसली होती.

बंड्या, हाच प्रश्न मी तुला विचारला होता. ह्याच सुरात. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, तोलार खिंडीच्या वरच्या त्या रॉकपॅचला, जुलैच्या पावसात, बाकीच्या नऊ जणांसमोर. तू म्हणाला होतास, रेलिंग हलतंय, परत फिरू, खिरेश्वरला जाऊन भजी खाऊ. आणि मी ते म्हणालो. मग तू चढलास. पुढचं तुला माहीत आहे, तुला झोळीत घालून उतरवलं ते आपण गेली तीन वर्षं विनोद म्हणून सांगतोय. मी सांगतो आणि तू हसतोस. पण त्यानंतर ग्रुपवर ट्रेकचं निघालं की तू फक्त "बघतो" लिहितोस, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

माझं चुकलं. हे फोनवर बोलता आलं नसतं, मी मध्येच काहीतरी पांचट बोललो असतो.

त्या रविवारी मग आम्ही क्योनिगश्टाइनला गेलो. किल्ला आहे, नदीपासून दोनशे चाळीस मीटर उंच सपाट डोक्याच्या डोंगरावर. लढून कधीच पडला नाही. आत खडकात खोदलेली विहीर 152.5 मीटर खोल. दगड टाकला तर तळाला जायला साडेपाच सेकंद लागतील, हा हिशेब माझा. टाकू देत नाहीत. पन्हाळ्यावर अंबारखाना, तर इथल्या राजाने सव्वादोन लाख लिटरहून मोठं वाइनचं पिंप करून घेतलं होतं. ज्याची त्याची बेगमी! 1848 मध्ये एक चिमणी साफ करणारा अठरा वर्षांचा पोरगा भिंतीच्या भेगेतून वर चढून आत आला. बक्षीस राहू दे, अटक झाली. आणि 1942 मध्ये जिरो नावाचा 63 वर्षांचा फ्रेंच सेनापती कैदेत होता, तो स्वतः वळलेल्या दोरावरून खाली उतरून पसार झाला. मी सगळ्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली. राणीसरकारांचा पहिला प्रश्न, "आणि बाळ?" कोलंब्याने विचारलं, तिला दोर होता का. नव्हता म्हटल्यावर सेनापतीचे मार्क कमी झाले.

सुळका राहिलाच. आता थंडी, मग फेब्रुवारी; उन्हाळ्यात बघू, कोरडा असेल तर.

शिट्टी कधीच होऊन गेली, खिचडी खाली लागल्याचा वास येतोय. परवा लक्ष्मीपूजन. आईने तुझ्या घरी फराळ पोचवला असेल, त्यातल्या चकल्या तुझ्या, अनारसे माझ्या नावाने वेगळे काढ आणि खाऊन टाक. मी मार्चमध्ये येतोय. पाचनईच्या सोप्या वाटेने जाऊ, नाहीतर नुसतं खुबी फाट्यावर चहा पिऊन परत येऊ. तू म्हणशील तिथून वळू. आणि गुडघा पावसाळ्यात अजून दुखतो का, ते खरं लिही. अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
पप्या