बाटलीवरच्या इशाऱ्यात ‘कर्करोग’ कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य गाजले. निर्णय विरोधामुळे रेंगाळला, वाक्य मात्र टिकले. ‘अगं, वाइनच तर आहे’ हा आग्रह त्याच समजुतीतला. पण कोणत्याही दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो; स्तनाच्या पेशींना द्राक्षे आणि मळी यांतला फरक कळत नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ते इथेनॉल, म्हणजे दारूतला मद्यार्क. शरीरात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. हे विषारी रसायन डीएनएला इजा करते आणि ती भरून येण्यातही आडवे येते. शिवाय दारूने इस्ट्रोजेन वाढते, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याचशा गाठी याच संप्रेरकावर पोसतात.

पेयातला मद्यार्क मोजायचा तो ग्रॅममध्ये. पेयाचे मिलिलिटर गुणिले मद्यार्काची टक्केवारी, भागिले 100, गुणिले 0.79 (मद्यार्काची घनता). व्हिस्कीचा 30 मिलिलिटरचा स्मॉल पेग (42.8 टक्के) म्हणजे 10 ग्रॅम. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा ग्लास 15 ग्रॅम, म्हणजे दीड पेग. आणि घरी ओतताना 150 वर हात थांबतो कुणाचा? आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली तर 41 ग्रॅम, चार पेगांच्या बरोबरीची. ‘मी फक्त शनिवारी घेते’ म्हणणारीच्या अशा दोन बाटल्या सात दिवसांवर वाटल्या, तर रोजचे जवळजवळ 12 ग्रॅम होतात.

रोजच्या दर 10 ग्रॅममागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्यावरची. शंभरातल्या सात जणी जास्तीच्या आजारी पडतात, असा अर्थ काढू नये. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (तिथल्या सरकारच्या वतीने जनतेला आरोग्यसल्ला देणारे प्रमुख डॉक्टर) जानेवारी 2025 मध्ये दिलेला हिशेब असा: आठवड्याला एक पेयही न घेणाऱ्या 100 स्त्रियांपैकी आयुष्यभरात सुमारे 11 जणींना हा आजार होतो, रोज एक घेणाऱ्यांत 13 आणि दोन घेणाऱ्यांत 15 जणींना. (तिकडचे एक पेय 14 ग्रॅमचे.) आपल्याकडे मूळ प्रमाणच कमी, त्यामुळे जास्तीच्या रुग्णांचा आकडाही लहान राहील.

आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांनी दारूला हातही लावलेला नसतो, हेही सांगितले पाहिजे. वय, घराण्यातला आजार, पहिले मूल उशिरा होणे, पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन अशी इतर कारणे आहेतच. तेव्हा निदान झालेल्या बाईला ‘घेत होतीस का?’ विचारायला कुणी जाऊ नये.

माझा आक्षेप लेबलवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य 1988 मध्येच पहिल्या गटातले, म्हणजे माणसात पुरावा पक्का असलेले, कर्करोगकारक ठरवले. 2007 मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंधही मान्य केला. तरी एप्रिल 2019 पासून बाटल्यांवर सक्तीचा झालेला एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) इशारा म्हणतो काय, तर मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. कर्करोगाचे नाव नाही. गाडी न चालवणारीने तो वाचून काय घ्यायचे? सिगारेटच्या पाकिटावर हा शब्द कधीच आला.

दुसरे म्हणजे, राज्याची इच्छा असेल तर इशारा प्रादेशिक भाषेत छापायची मुभा त्याच नियमात आहे. दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी मुंबईत एवढा आग्रह झाला. त्याच दुकानातल्या बाटलीवरच्या मराठीचा विषय राज्य सरकारने आता हाती घ्यावा.

– एक वाचक, परळ, मुंबई