मंडळ सोडू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

भाडेकरू बायकांच्या मंडळात यापुढे जाणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस. सारख्या याद्या करायच्या, सह्या गोळा करायच्या आणि वर आपसातले हेवेदावे. तेव्हा मी काही बोलले नाही. पण तू शिकागोत राहतेस, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस आहे, गरीब वस्तीत राहून शेजाऱ्यांसाठी काम करणाऱ्या बायकांचं जुनं केंद्र. ते एकदा नीट बघून ये. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली ते स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत उघडलं. दोन वर्षांनी तिथे फ्लोरेन्स केली आली, नवऱ्याला सोडून, तीन लेकरं घेऊन. आजूबाजूच्या खोल्यांमध्ये बायका-मुलं रात्रंदिवस कोट शिवत होती. तिच्या देखरेखीखाली १८९३ मध्ये घरोघरी फिरून माहिती गोळा झाली: कुठल्या देशाचे, माणसं किती, आठवड्याची मिळकत किती. त्यावरून रंगीत नकाशे छापले. आठवड्याला पाच डॉलरच्या आत भागवणारी घरं काळ्या रंगात. ते काळे चौकोन पाहिल्यावर कुणी कसं म्हणणार की गरिबी आळसातून येते?

त्याच वर्षी इलिनॉयमध्ये कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायचं नाही आणि बायकांना दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. केलीच मुख्य कारखाना निरीक्षक झाली. आठ तासांचं कलम १८९५ मध्ये कोर्टाने रद्द केलं. तरी ती थांबली नाही. पुढे ती राष्ट्रीय ग्राहक संघाची, म्हणजे कामगारांना नीट वागवणाऱ्यांचाच माल घ्या असं सांगणाऱ्या संघटनेची, सूत्रं सांभाळायला न्यूयॉर्कला गेली. बायकांच्या कामाच्या तासांचा ऑरेगनचा खटला १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा त्याच संघाच्या जोसेफिन गोल्डमार्कने अहवाल चाळून आकडे जमवून दिले आणि दहा तासांची मर्यादा टिकली. तुला कंटाळा आलाय तो याच कामाचा, बाळा. आणि या बायकांना तेव्हा राष्ट्राध्यक्ष निवडायलासुद्धा मत नव्हतं!

हेवेदावे म्हणशील, तर तिथे त्याहून वाईट होतं. आयडा बी. वेल्स ही काळी पत्रकार काळ्या माणसांच्या झुंडहत्यांविरुद्ध लिहीत होती. दारूबंदीवाल्या बायकांची पुढारी फ्रान्सेस विलार्ड दक्षिणेतल्या गोऱ्यांचीच री ओढते, हे तिने इंग्लंडमध्ये जाऊन उघड सांगितलं. मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनला मताधिकाराचा मोर्चा निघाला, तेव्हा वेल्सला काळ्या बायकांबरोबर मागे चालायला सांगितलं. ती गर्दीत उभी राहिली, आणि इलिनॉयची तुकडी समोर येताच मधेच शिरून गोऱ्या मैत्रिणींच्या बरोबरीने चालू लागली. मला या बाईचा फार अभिमान वाटतो. तिने नुकताच शिकागोत अल्फा सफ्रेज क्लब, म्हणजे काळ्या बायकांचं मताधिकार मंडळ, काढला होता. त्या बायका दारोदार फिरून मतदार नोंदवत. लोक हिणवत, तरी फिरत. शहराचा पहिला काळा नगरसेवक १९१५ मध्ये निवडून आला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आपल्या पंडिता रमाबाईंनी हे जग आतून पाहिलं होतं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच राहून गावोगाव बोलल्या. पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षं वर्गणी देण्याचं तिथल्या लोकांनी कबूल केलं. त्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आपल्याकडच्या विधवा मुली शिकल्या, त्यामागे तिकडे कुणीतरी ठेवलेल्या वर्गणीच्या वह्याही होत्या.

भांडण असेल तर तोंडावर भांड, पण मंडळात राहून. पुढच्या सभेला जा आणि काय ठरलं ते कळव.

आणि हो, त्या नकाशाचा फोटो मिळाला तर पाठव. आमच्या बचत गटाच्या बायकांना दाखवायचाय. वस्तीत कुठल्या नळाला किती वेळ पाणी येतं, याचा तसाच रंगीत नकाशा करून नगरपालिकेत न्यायचं आमचं चाललंय.

तुझी,
आई